टिलर पायलट: कोणता घ्यावा, कसा बसवावा, किती भरवसा ठेवावा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमची बोट वेस्टर्ली सेंटॉर. २६ फूट लांब, पोटाखाली दोन कील (तळाला जोडलेल्या जड उभ्या फळ्या), त्यामुळे ओहोटीला चिखलात म्हशीसारखी निवांत बसते. १९६९ ते १९८० या काळात इंग्लंडात अशा दोन हजारांच्या वर बोटी बांधल्या गेल्या आणि त्यातल्या बऱ्याच अजून पाण्यात आहेत. मी मूळचा रेवदंड्याचा, आता बरीच वर्षं साउदॅम्प्टनला. शिडाची बोट घेतलेले किंवा घ्यायच्या बेतात असलेले मराठी लोक, इथले आणि मुंबईचेही, टिलर पायलटबद्दल फोनवर जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरणं बहुतेक सोलेंट (वाइट बेट आणि इंग्लंड यांच्यामधली सामुद्रधुनी) आणि इंग्लिश खाडीतली आहेत, कारण माझ्या चुका तिथेच झाल्या.

टिलर पायलट म्हणजे नक्की काय? त्याला काय काय कळतं?

लहान बोटींना सहसा चाक नसतं. सुकाणूच्या डोक्यावर एक दांडा असतो, तो टिलर. टिलर उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते. हा दांडा माणसाऐवजी धरून ठेवणारं यंत्र म्हणजे टिलर पायलट. दिसायला सायकलच्या जाडजूड पंपासारखा. त्याचं बूड कॉकपिटच्या (बोटीतल्या मागच्या उघड्या बैठकीच्या) बाकावरच्या भोकात बसतं आणि पुढून निघणारी स्टीलची दांडी टिलरवरच्या खुंटीत अडकते. पोटात छोटी मोटर, दातेरी पट्टा, लांब स्क्रू आणि फ्लक्सगेट जातीचं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र. ‘ऑटो’ दाबल्याक्षणी बोटीची नाळ (पुढचं टोक) जिकडे असेल ती दिशा तो धरतो. बोट ढळली की दांडी आत-बाहेर करून तिला परत आणतो. बटणं सहाच: ऑटो, स्टँडबाय (पायलट थांबवायचं), आणि एक-एक किंवा दहा-दहा अंश डावीउजवीकडे वळवायची चार.

त्याला कळते ती फक्त दिशा. वारा फिरला, पुढ्यात बोया आला, समोरून कंटेनरचं जहाज आलं, हे त्याच्या गावीही नसतं. पाण्याचा प्रवाह तर अजिबात नाही. वाइट बेटाच्या पश्चिमेला हर्स्ट कॅसलपाशी एक खिंड आहे. उधाणाच्या दिवशी तिथून ओहोटीचं पाणी चार नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वर धावतं, आणि आमची बोट जेमतेम पाच नॉटची. पायलटने नाळ अगदी बिनचूक धरलेली असते आणि बोट मात्र खेकड्यासारखी तिरकी, शिंगल्सच्या उथळ पट्ट्याकडे निघालेली असते. तिथे मी पायलट काढून ठेवतो आणि टिलर हातात घेतो.

बोट आपोआप चालते, मग तू तिथे काय करतोस?

हा प्रश्न आईचा. उत्तर: शिडं ओढतो, नकाशा बघतो, चहा टाकतो आणि चारी बाजूंना नजर ठेवतो. तास न् तास टिलर धरून बसलेला माणूस थंडीने आणि कंटाळ्याने इतका आंबतो की नेमक्या बंदरात शिरायच्या वेळी चुका करतो. दोघांच्या बोटीवर पायलट हा तिसरा गडी. एकट्याच्या बोटीवर तो नसला तर शीड आवरायला पुढे जाणंसुद्धा कसरत होते.

माझ्या बोटीला कोणता घेऊ?

बाजारात मुख्य घराणी दोन. रेमरीनचे एसटी१००० आणि एसटी२०००, आणि सिमरॅडचे टीपी१०, टीपी२२, टीपी३२. कंपनीच्या म्हणण्यानुसार एसटी१००० हा ३,००० किलोपर्यंतच्या बोटीला चालतो, एसटी२००० हा ४,५०० किलोपर्यंत. सिमरॅड फुटांत बोलतं: टीपी१० साधारण ३२ फुटांपर्यंत, टीपी२२ हा ३४, टीपी३२ हा ३८.

हे आकडे वाचताना थोडा व्यापारी चष्मा लावा. सेंटॉरचं वजन कागदावर तीन टनांच्या आसपास, म्हणजे एसटी१००० बरोब्बर बसायला हवा. मीही तेच गणित केलं. पण कागदावरची बोट रिकामी असते. माझ्या बोटीत पाण्याची टाकी, नांगर आणि तीस मीटर साखळी, दोन बॅटऱ्या, हत्यारांची पेटी, चार माणसं आणि त्या चौघांचं खाणंपिणं. सहज साडेतीन टन. पहिल्याच उन्हाळ्यात निडल्सच्या (वाइट बेटाच्या पश्चिम टोकाच्या खडकांच्या) बाहेर वारा बोफर्ट मापाच्या पाचव्या बलावर गेला आणि बिचारा धापा टाकू लागला. ताकद कमी पडली असं नाही. उशीर होत होता. लाट बोटीचं बूड (मागचा भाग) ढकलायची, दांडी सावकाश बाहेर यायची, ती पोचेपर्यंत बोट वळूनही गेलेली.

म्हणून माझं मत: भरलेल्या बोटीचं वजन धरा, त्यावर वीस टक्के चढवा आणि मग तक्ता बघा. दोन मॉडेलांच्या मध्ये पडलात तर मोठंच घ्या. एसटी१००० चा जोर जास्तीत जास्त ५७ किलो, एसटी२००० चा ७७. पण पैसे खरे वसूल होतात ते दांडीच्या वेगात. टीपी३२ मध्ये साध्या स्क्रूऐवजी गोळ्यांवर फिरणारा बॉल स्क्रू असतो, त्यामुळे घर्षण कमी होतं आणि आवाजही. रात्री आत झोपणाऱ्याला हा आवाजाचा मुद्दा पटेल.

पाच टनांच्या वरची बोट असेल तर टिलर पायलटचा नाद सोडा. डेकखाली बसणारी, थेट सुकाणूच्या खांबाला जोडलेली यंत्रणा लागेल. ते काम वेगळं, खर्चही वेगळा.

विंडव्हेन घेतलं तर? त्याला वीज लागत नाही म्हणतात.

खरं आहे. बोटीच्या मागे वाऱ्यात डोलणारं एक पातं, पाण्यात एक फळी, आणि दोन्ही मिळून टिलर ओढतात. विजेचा थेंबही लागत नाही, आणि वारा वाढला की त्याची ताकदही वाढते. १९६० साली अटलांटिक एकट्याने ओलांडायची पहिली शर्यत झाली तेव्हा फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत आणि ब्लाँडी हॅस्लर ४८ दिवसांत पोचले, ते असल्याच पात्यांच्या भरवशावर. गोल्डन ग्लोब शर्यतीत आजही विजेवरच्या पायलटला बंदी आहे. आपल्या नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी २०२२च्या त्या शर्यतीत पृथ्वीप्रदक्षिणा करून दुसरे आले, तेही विंडव्हेनच्या साथीने.

पण व्हेनला वारा लागतो. इंजिनवर चाललात किंवा वारा पडला की ते मुकं. शिवाय ते वाऱ्याचा कोन धरतं, दिशा नाही. वारा वीस अंश फिरला की बोटही वीस अंश फिरते, आणि चिंचोळ्या सोलेंटमध्ये ते परवडत नाही. ते जड आहे, महाग आहे आणि छोट्या बोटीच्या बुडावर दिसायलाही अवजड. शनिवार-रविवारच्या फेऱ्यांना टिलर पायलट, समुद्र ओलांडायला व्हेन, अशी माझी साधी वाटणी आहे.

एक खुबी मात्र सांगतो. व्हेन असलेल्या बोटीवर सगळ्यात छोटा टिलर पायलट घेऊन तो टिलरला न जोडता व्हेनच्या पात्याच्या जागी जोडतात. मग पायलटने नुसता हलका धक्का द्यायचा, जोर पाण्यातली फळी लावते. मोठी बोटही चिमूटभर विजेवर सरळ चालते.

बसवायचा कसा? मेकॅनिक लागतो का?

मेकॅनिक नको, मोजपट्टी हवी. मापं दोन. रेमरीनसाठी सुकाणूच्या खांबाच्या मध्यापासून टिलरवरच्या खुंटीपर्यंत ४६० मिलिमीटर, आणि त्या खुंटीपासून बाकावरच्या भोकापर्यंत ५८९ मिलिमीटर. टिलर मध्यावर असताना पायलट त्याच्याशी काटकोनात हवा आणि आडवा हवा, म्हणजे पातळीत. सिमरॅडचं दुसरं माप थोडं वेगळं आहे. ब्रँड बदलताना जुन्याच भोकात नवा बसेल असं धरू नका, सोबतचा कागद उघडा.

पहिलं माप कुठून घ्यायचं इथेच घोटाळा होतो. टिलर जिथे सुकाणूला बोल्टने जोडलेला असतो तिथून नव्हे. सुकाणू ज्या अक्षावर फिरतं, त्या अक्षापासून. सेंटॉरवर या दोन जागांत हाताच्या काही बोटांएवढं अंतर आहे आणि मी पहिल्यांदा चुकीच्या जागेवरून मोजलं. खुंटी अक्षापासून लांब गेली की दांडीच्या तेवढ्याच हालचालीत सुकाणू कमी फिरतं, आणि पायलट आधीच मंद असेल तर तो आणखी मंद वाटतो. जवळ गेली की सुकाणू जास्त फिरतं पण जोर कमी पडतो. सुकाणू बोटीच्या पाठीवर बाहेर लटकवलेलं असेल तर अक्ष म्हणजे त्याच्या बिजागऱ्यांची रेघ.

ड्रिल हातात घ्यायच्या आधी बांबूची कामटी पायलटच्या लांबीची कापा, दोन्ही जागांवर चिकटपट्टीने लावा आणि टिलर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बसलेल्या माणसाच्या गुडघ्याला लागते का? मागच्या लॉकरचं झाकण उघडतं का? विंचचा (शिडाची दोरी ओढायच्या चक्राचा) हँडल फिरतो का? माझ्या बोटीत लॉकरचं झाकण अडत होतं, आणि त्यातच गॅसचा सिलिंडर आणि त्याचा व्हॉल्व्ह. म्हणजे चहा करायचा तर प्रत्येक वेळी पायलट काढा. कामटीने वाचवलं.

खुंटी ६ मिलिमीटर जाडीची असते. टिलर लाकडी असेल तर भोक पाडून ती इपॉक्सीत बसवा. नुसती ठोकलेली खुंटी हळूहळू भोक रुंदावते आणि दांडी कड-कड करू लागते. बाकाच्या फायबरग्लासखाली प्लायवूडचा तुकडा इपॉक्सीने चिकटवा, कारण तिथे शेकडो वेळा धक्के बसणार आहेत. टिलर बाकापेक्षा फार उंच असेल तर खाली लटकणारा ब्रॅकेट मिळतो, पायलट थोटका पडत असेल तर दांडीला जोडायचे तुकडे मिळतात. लांब तुकडा वाकतो, म्हणून शक्यतो नकोच.

कारखान्यातून पायलट बोटीच्या उजव्या बाजूला बसवायचा धरून येतो. डावीकडे बसवलात तर सेटिंगमध्ये दिशा उलटी करावी लागते. ते विसरलात तर पहिल्यांदा ऑटो दाबल्यावर बोट चूक सुधारायच्या ऐवजी वाढवत जाते आणि गोल फिरते. पहिली चाचणी मोकळ्या पाण्यात करा, बंदराच्या तोंडाशी नाही.

बॅटरी किती खातो?

मोटर थांबलेली असताना जवळजवळ काहीच नाही. चालू असताना दोन-तीन ॲम्पियर. सरासरी अर्धा ते दीड, आणि हा आकडा पायलटवर कमी, तुमच्या शिडांवर जास्त अवलंबून. निडल्सपासून फ्रान्सचं शेरबोर्ग साधारण ६० सागरी मैल. साडेचार नॉटने तेरा-चौदा तास. सरासरी एक ॲम्पियर धरला तर १४ ॲम्पियर-तास. शंभरच्या लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मे म्हणजे पन्नासच सुखाने वापरता येतात, आणि त्यात दिवे, जीपीएस, रेडिओ, फोन यांचाही वाटा असतो. तरी हिशोब जमतो.

वायर जाड घ्या. बॅटरीपासून सॉकेटपर्यंत चार-पाच मीटर अंतर असेल तर २.५ चौरस मिलिमीटरच्या खाली जाऊ नका, आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच. बारीक वायरीत विजेचा दाब (व्होल्टेज) पडतो, मोटर मंदावते आणि लोक पायलटला शिव्या देतात.

सरळ चालता चालता पायलट अचानक दहा-वीस अंश भलतीकडे धरतो. होकायंत्र बिघडलं का?

आधी आजूबाजूला लोखंड शोधा. टिलर पायलटचं होकायंत्र त्याच्या पोटातच असतं आणि मीटरभर अंतरातलं लोखंड किंवा चुंबक त्याला भुलवतं. फोन, ब्लूटूथ स्पीकर, हातोडी, चुंबकी झाकणाचा चष्म्याचा डबा, कोणीही चालेल.

आमच्या बाबतीत तो बिडाचा तवा निघाला. हिच्या मते फोल्डिंगच्या ॲल्युमिनियमच्या तव्यावर भाकरी होत नाही, आणि हे मला मान्य आहे. तवा जड, म्हणून मी तो वर कुठे न ठेवता कॉकपिटच्या उजव्या लॉकरात तळाशी ठेवला. पायलटच्या बरोबर खाली. वाइट बेटावरच्या यार्मथहून परत येताना डाव्या टॅकवर (वारा डावीकडून असताना) सगळं ठीक, उजव्या टॅकवर बोट कलली की दिशा पंधरा अंशांनी सरकायची. दोन शनिवार मी कनेक्शनं घासली. तिसऱ्या शनिवारी कोणीतरी भाकरीसाठी तवा काढून गॅसवर ठेवला आणि पायलट शहाण्यासारखा चालू लागला. तवा आता पुढच्या केबिनमध्ये, डोलकाठीच्याही पुढे.

बसवल्यानंतर होकायंत्र जुळवायची फेरीही घ्या. शांत पाण्यात, दोन नॉटच्या खाली, एक पूर्ण गोल तीन मिनिटांपेक्षा सावकाश, असे निदान दोन गोल. पायलट स्वतःच बोटीतल्या लोखंडाचा हिशोब मांडून घेतो. इंजिन बदललं तर पुन्हा.

आणखी एक गोष्ट या अक्षांशांवर जाणवते. उत्तरेकडे चालताना पायलट जरा हळवा होतो, उगाच डुलतो. पृथ्वीचं चुंबकी क्षेत्र इथे जमिनीत फार तिरकं घुसतं, साठ अंशांहून जास्त, म्हणून. मुंबईत हा तिरकेपणा त्याच्या निम्माही नाही. रेमरीनमध्ये यासाठी गोलार्ध आणि अक्षांश सांगायची सोय असते, ती बहुतेक लोक उघडूनही बघत नाहीत.

बोट नागमोडी चालते आणि मोटर सतत घर्र-घर्र करते. गेन (चूक सुधारायला सुकाणू किती फिरवायचं ते सेटिंग) वाढवू की कमी करू?

दोन्ही नंतर. आधी पायलट काढा आणि टिलर दोन बोटांत धरा. अंगठा आणि तर्जनी, बास. तेवढ्यावर बोट सरळ जात असेल तरच पायलटकडून अपेक्षा ठेवा. टिलर ओढून धरायला दंड लागत असेल तर बोट वाऱ्याकडे वळायला बघते आहे आणि तुम्ही सुकाणू तिरकं धरून ब्रेक लावता आहात. पायलट तोच ब्रेक बॅटरीच्या जिवावर लावणार.

उपाय शिडात आहे. मेनसेलची (मुख्य शिडाची) दोरी थोडी सैल सोडा, नाहीतर ट्रॅव्हलर (ती दोरी अडकवलेली सरकती गाडी) वाऱ्यापासून दूर सरकवा. तेवढ्याने भागलं नाही तर रीफ घ्या, म्हणजे शीड थोडं आवरून लहान करा, आणि मनात रीफचा विचार पहिल्यांदा येतो तेव्हाच घ्या. सेंटॉरवर पूर्ण मेनसेल आणि मोठं जेनोआ (पुढचं शीड) अशा थाटात चौथ्या बलाच्या वाऱ्यात मला टिलर छातीशी कवटाळावा लागायचा. मेनला एक रीफ घातल्यावर वेग जेमतेम अर्धा नॉट कमी झाला, बोटीचं कलणं कमी झालं आणि मोटरचा आवाज मिनिटातून तीन-चारदा एवढ्यावर आला. रेवदंड्याचे तांडेल सुकाणूवर हात ठेवतात, दाबत नाहीत. लहानपणी बघितलं होतं, अर्थ इथे येऊन लागला.

आता गेन. बोट एका बाजूला जास्त वळून मग दुसऱ्या बाजूला जास्त वळते आणि ही झोकांडी वाढत जाते, तर गेन जास्त आहे. ढळल्यावर आळसात परत येते, तर कमी. इंजिनवर वेगात चालताना सुकाणूला पाणी जोरात लागतं म्हणून गेन कमी पुरतो, संथ शिडावर जास्त लागतो. ‘सी स्टेट’ नावाचं सेटिंग म्हणजे किती बारीक चुकांकडे दुर्लक्ष करायचं ते. लाटा असतील तर ते वाढवा. प्रत्येक लाटेला उत्तर द्यायची गरज नसते, पुढची लाट बोटीला आपणच परत आणते.

वारा मागून असताना भरवसा ठेवावा का?

सगळ्यात कमी तेव्हाच. मागून तिरक्या येणाऱ्या लाटा बोटीचं बूड उचलून फिरवतात, आणि होकायंत्रावर चालणारा पायलट बोट वळल्यानंतर जागा होतो. चांगला सुकाणी लाट बुडाखाली येते हे पाठीला जाणवूनच टिलर ओढतो. नव्या प्रणालींत गतीचा अंदाज घेणारे संवेदक असतात, उदाहरणार्थ रेमरीनचा ईव्ही-१०० टिलर संच. त्यात फरक पडतो. साध्या टिलर पायलटकडून मात्र ही अपेक्षा नको.

दुसरा धोका जाइबचा. पायलट दिशा धरून ठाम, वारा मात्र वीस अंश फिरला, की मेनसेलचा बूम (शिडाखालचा आडवा दांडा) कोणतीही सूचना न देता कॉकपिटवरून पलीकडे जातो. डोकं मध्ये आलं तर फुटतं. म्हणून बरोब्बर मागचा वारा घेऊन चालू नका, वीस-तीस अंश तिरका घ्या, आणि बूम पुढे दोरीने बांधून ठेवा. वाऱ्याचा संवेदक जोडलेला असेल तर एसटी२००० सारख्या पायलटला दिशेऐवजी वाऱ्याचा कोन धरायला सांगता येतं. वाऱ्याकडे चढताना ही सोय फार छान चालते. मागच्या वाऱ्यात मला तिच्यावर विश्वास नाही.

एकट्याने टॅक (नाळ वाऱ्यातून पार नेऊन वारा दुसऱ्या बाजूला घेणं) कसा करायचा?

रेमरीनवर एका बाजूची एक आणि दहाची बटणं एकदम दाबली की पायलट बोट आपणहून १०० अंश फिरवतो. आधी जुन्या बाजूची जिबची (पुढच्या शिडाची) दोरी विंचवर एका वेढ्यावर आणून ठेवा, नवीन बाजूची हातात घ्या, मग बटणं. नाळ वाऱ्यातून पार होताना जुनी सोडा, नवी ओढा. पहिल्या दहा वेळा दोरी उशिरा ओढली जाईल आणि विंच पिळत बसावं लागेल. नंतर जमतं. वारा अगदी मंद असेल तर मात्र वेग आधी मिळवा, नाहीतर बोट वाऱ्यात नाक खुपसून उभी राहते आणि पायलट दांडी पूर्ण बाहेर काढून हताश थांबतो.

शर्यतीत चालतो का?

नाही. आंतरराष्ट्रीय नियमांतला ५२वा नियम सुकाणू हलवायला माणसाचीच ताकद मागतो. एकट्या-दुकट्यांच्या लांब शर्यतींत आयोजक तो नियम सूचनापत्रात बदलतात, तेवढं वाचून घ्या.

पाणी शिरून मरतो असं ऐकलंय.

मरतो, आणि बहुतेक तसाच मरतो. उन्हात काळी पेटी तापते, आतली हवा फुगते. मग थंड पाण्याचा शिडकावा पडतो, हवा आकसते आणि दांडीभोवतीच्या सीलमधून ओलावा आत ओढला जातो. हे रोज घडतं. कापडी खोळ शिवून घ्या, फिकट रंगाची, खालून उघडी. बंदरात आलात की पायलट काढून आत न्या, दांडी गोड्या पाण्याने पुसा. प्लगच्या पिना हिरव्या पडतात, त्यांना महिन्यातून एकदा सिलिकॉन ग्रीस. सॉकेटचं रबरी झाकण कधीच उघडं ठेवू नका.

मध्येच बंद पडून स्टँडबायवर जातो. का?

इंजिन सुरू करताना गेला, तर स्टार्टरने दाब पाडला. बॅटऱ्या वेगळ्या करा, किंवा इंजिन सुरू करताना टिलर हातात धरा. एरवी प्लग, वायर, बॅटरी, याच क्रमाने बघा.

जुना घ्यावा का?

ऑटोहेल्म नावाचे जुने पायलट अजून विकले जातात. रेमरीनचे हे पूर्वज. घेण्याआधी बारा व्होल्टची छोटी बॅटरी घेऊन जा. दांडी पूर्ण बाहेर-आत करून आवाज ऐका, एकसारखा हवा, मध्येच चिरका नको. दांडीचं टोक धरून ढिलाई बघा. मग ऑटो दाबा आणि पायलट हातात धरून स्वतःभोवती फिरा. डावीकडे फिरल्यावर दांडी एकीकडे, उजवीकडे फिरल्यावर उलटीकडे जायला हवी. विकणारा तुमच्याकडे विचित्र बघेल. बघू दे. पडद्याच्या आतून वाफ दिसत असेल तर फुकटही घेऊ नका.

आयटीतल्या मंडळींसाठी: पायपायलट नावाची मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारी प्रणाली आहे, रास्पबेरी पायवर चालते आणि मेलेल्या पायलटची दांडी-मोटर वापरता येते. मजा आहे, पण पहिली बोट आणि पहिला पायलट एकाच वेळी नको.

मुंबई-गोव्याच्या पाण्यात उपयोग आहे का?

ऑक्टोबर ते मे भरपूर. पहाटेच्या मतलईवर निघून दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतणाऱ्याला मधल्या निवांत तासांत इंजिनवर पायलट झकास चालतो. त्रास वेगळा आहे. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला डोलीचे (मासेमारीच्या डोल जाळ्यांचे) खुंट, दोर आणि बोये पसरलेले असतात, रात्री दिवा असेलच असं नाही, आणि पायलट सरळ त्यांच्यात घुसतो. त्या पट्ट्यात हातानेच चालवा. गेटवे ते मांडवा लाँचच्या मार्गावरही तेच. आणि उन्हाचं म्हणाल तर खोळ इथल्यापेक्षा तिथे जास्त गरजेची. पडदा तापून काळा पडतो आणि दिशा वाचता येत नाही.

पायलटवर सोडून डुलकी काढली तर?

समुद्रावरच्या टक्करी टाळायच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सांगतो की डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा हवा. पायलट म्हणजे पहारेकरी नाही. इंग्लिश खाडीत क्षितिजावर दिसलेलं मोठं जहाज पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येतं. दोघं असाल तर पाळ्या लावा. मी एकटा असलो तर खाडी ओलांडत नाही.

आणि पाण्यात पडण्याचा विचार आधीच करून ठेवा. टिलर मोकळा असेल तर माणूस पडल्यावर बोट बहुधा वाऱ्याकडे वळून थबकते. पायलट लावलेला असेल तर ती पाच नॉटने सरळ निघून जाते, तुमच्याकडे पाठ करून. म्हणून एकटा असताना कॉकपिटमध्येही माझा पट्टा बोटीला अडकलेला असतो. सोबत कोणी असेल तर निघायच्या आधी त्याला दोनच गोष्टी शिकवतो: स्टँडबाय कुठे आहे, आणि घाबरून ते सापडलं नाही तर पायलट सरळ उचलून खुंटीवरून कसा काढायचा. प्रत्यक्ष करायला लावतो. पाहुण्यांपैकी निम्मे तो वर उचलायच्या ऐवजी बाजूला ओढतात.

सोबत दुसरा, सुटा पायलट ठेवावा का?

लांब जाणार असाल तर हो. माझा जुना एसटी१००० विकला नाही. चपात्यांच्या जुन्या डब्यात, सिलिका जेलच्या चार पुड्यांसोबत, पुढच्या केबिनमध्ये आहे. गेल्या वर्षी शेरबोर्गहून परतताना मोठ्याच्या पट्ट्याचे दात गेले तेव्हा तोच लावला. दोन रीफ घातल्या, वेग चारवर आणला आणि तो धापा न टाकता घरापर्यंत आला.